जुन्या दमदार मोटारीसाठी ‘ओव्हरड्राइव्ह’ गिअरबॉक्स निवडताना

मुंबईहून डहाणू तालुक्यातील कोसबाडकडे निघालेल्या मोटारीला एकाच प्रवासात दोन भिन्न परीक्षा द्याव्या लागतात. घोडबंदर ओलांडल्यानंतर मनोर व पुढे चारोटीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ८, हा रुंद आणि बराचसा सलग रस्ता आहे. चारोटी नाक्यावरून डहाणूकडे वळल्यावर मात्र रस्ता अरुंद होतो. गावे, गतिरोधक आणि वाड्यांतून चिकू घेऊन निघालेले टेम्पो यांमुळे वेग वारंवार खाली येतो. अखेरीस येते ती कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. आजची नवी मोटार हा सारा प्रवास कुरकुर न करता करते. १९६०च्या दशकातील अमेरिकी ‘मसल कार’ मात्र महामार्गावर विनाकारण गर्जत राहते, कारण तिच्या गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअरच नसतो.

अशा मोटारीला ओव्हरड्राइव्ह असलेला नवा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवणे हा जगभर रूढ झालेला उपाय आहे. परंतु ‘जितके गिअर अधिक तितके चांगले’ या समजुतीने केलेली निवड हमखास फसते. महामार्गावरील वेग आणि चढावरील संथ चाल या दोन्ही टोकांचा हिशेब मांडल्यावरच योग्य गिअरबॉक्स ठरतो. शिवाय जुन्या मोटारीची मूळ रचना एकदा कापली, की ती जशीच्या तशी परत मिळत नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय?

मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान अमेरिकी मोटारींना ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ची पाँटियाक जीटीओ ही या परंपरेची सुरुवात मानली जाते. फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कमारो यांच्या शक्तिशाली आवृत्त्याही सैलपणे याच वर्गात गणल्या जातात. या मोटारींच्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरचे प्रमाण १.०० असते. म्हणजे इंजिनाचा एक फेरा झाला, की प्रॉपेलर शाफ्टचाही एकच फेरा होतो. हे प्रमाण १ पेक्षा कमी, उदाहरणार्थ ०.७२ असेल, तर इंजिनाच्या ०.७२ फेऱ्यातच शाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरतो, यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १९३४च्या क्रायस्लर एअरफ्लो मोटारीत बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ओव्हरड्राइव्ह होता. इंग्लंडमध्ये ‘लेकॉक द नॉर्मनव्हिल’ या नावाचा, गिअरबॉक्सच्या मागे बसणारा आणि विजेच्या कळीने चालणारा ओव्हरड्राइव्ह दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक मोटारींत आला. मसल कारच्या काळात पेट्रोल स्वस्त होते आणि स्पर्धा पाव मैल अंतरात कोण पुढे जातो याची होती. त्यामुळे निर्मात्यांनी झपाट्याने वेग घेण्यास सोयीची प्रमाणे निवडली आणि ओव्हरड्राइव्ह मागे पडला.

ओव्हरड्राइव्हमुळे इंजिनाची शक्ती वाढत नाही. उलट पाचव्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारा जोर कमी होतो आणि ओव्हरटेक करताना चौथ्या गिअरमध्ये यावे लागते. लाभ होतो तो इंजिनाचे फेरे घटल्याचा. त्यामुळे आवाज, अंतर्गत घर्षण आणि झीज कमी होते व लांबच्या प्रवासात पेट्रोल वाचते.

मुंबईतील अमेरिकी मोटारींचा वारसा

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली आणि ती १९५४पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या डॉज आणि प्लिमथ मोटारी तयार होत. या मोटारींत सहा सिलिंडरचे संथ, लांब स्ट्रोकचे इंजिन आणि तीन गिअरचा गिअरबॉक्स असे. त्यांचा तिसरा गिअरही १.०० प्रमाणाचाच होता. पुढे आयातीवरील निर्बंध कडक झाल्यामुळे खऱ्या मसल कार भारतात फारच थोड्या आल्या.

बहुसंख्य मराठी वाचकांच्या आठवणीतील ‘देशी मसल कार’ म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या रचनेवर आधारलेली ही मोटार १९८४मध्ये बाजारात आली आणि २००२पर्यंत तयार होत होती. सुरुवातीच्या कॉन्टेसाला १.५ लिटरचे अशक्त इंजिन आणि चार गिअर होते. नंतरच्या आवृत्तीत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले. आरंभीची कॉन्टेसा बाळगणाऱ्यांना त्याच मोटारीच्या पुढच्या आवृत्तीतील सुटे भाग मिळवता येतात. मात्र इंजिन बदलल्यास त्याची नोंद करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

आधी हिशेब, मग खरेदी

गिअरबॉक्स निवडण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण, चाकाचा घेर आणि गिअरचे प्रमाण. ताशी किलोमीटरमधील वेगाला १६.६७ने गुणावे, आलेल्या संख्येला चाकाच्या मीटरमधील घेराने भागावे आणि मग क्राउन-पिनियन व गिअर या दोन्ही प्रमाणांनी गुणावे. उत्तर म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे.

नमुन्यादाखल क्राउन-पिनियनचे प्रमाण ३.७३ आणि २६ इंच व्यासाचे, म्हणजे सुमारे २.०७ मीटर घेराचे चाक असलेली व्ही-८ मोटार घेऊ. चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्या इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,००० फेरे होतात आणि ८० किलोमीटरला सुमारे २,४००. ०.७२ प्रमाणाचा पाचवा गिअर असेल, तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे २,१६० आणि १,७३० होतात. ०.६८ प्रमाणाला ते २,०४० आणि १,६३० इतके उतरतात.

०.५० प्रमाणाचा सहावा गिअर घेतला तर? १०० किलोमीटरला १,५०० आणि ८० किलोमीटरला अवघे १,२०० फेरे होतात. कागदावर हे आकर्षक दिसते. परंतु जुन्या कार्ब्युरेटरचे, विशेषतः वेगासाठी बदललेला कॅमशाफ्ट असलेले इंजिन इतक्या कमी फेऱ्यांत धक्के देऊ लागते. त्यावर भार घालणे इंजिनालाही हितावह नसते. अमेरिकेच्या मोकळ्या आंतरराज्य महामार्गांवर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास सलग जाणाऱ्यास सहावा गिअर उपयोगी पडतो. वाहतुकीमुळे ताशी ८० ते ९० किलोमीटरवर राहावे लागणाऱ्या महामार्ग ४८वर तो बहुतेक वेळ निरुपयोगीच ठरेल.

चढावरचा पहिला गिअर

महामार्गाचा प्रश्न सोडवण्याचा एक स्वस्त मार्ग अनेकदा सुचवला जातो. गिअरबॉक्स तसाच ठेवून क्राउन-पिनियनच बदलावा, हा तो मार्ग. ३.७३च्या जागी २.७३ बसवला, तर ताशी १०० किलोमीटरला फेरे २,२०० पर्यंत खाली येतात. ओव्हरड्राइव्हचे काम जणू फुकटात झाले. पण याची किंमत पहिल्या गिअरमध्ये मोजावी लागते.

पहिल्या गिअरचे प्रमाण आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे मोटार जागेवरून हलवण्याची तिची क्षमता. जनरल मोटर्सच्या मन्सी एम-२० या जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२ आहे. ३.७३ सोबत गुणाकार ९.४ येतो. २.७३ सोबत तो ६.९ होतो. साधारणपणे हा गुणाकार ९ ते १२च्या दरम्यान असावा, असा अनुभवी कारागिरांचा ठोकताळा आहे.

कोसबाडच्या चढावर समोर भरलेला टेम्पो आहे, अशी कल्पना करावी. इंजिनाचे १,००० फेरे असताना ९.४ गुणाकाराची मोटार ताशी १३ किलोमीटरने चालते. ६.९च्या मोटारीचा वेग त्याच वेळी १८ किलोमीटर असतो. टेम्पो १० किलोमीटरने जात असेल, तर दुसऱ्या मोटारीच्या चालकाला सतत क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागेल. एप्रिल-मे महिन्यांत असे दोन-चार चढ चढल्यावर क्लच प्लेटचा करपट वास येणे ठरलेले. पहिला गिअर ३.२७ असलेला पाच गिअरचा गिअरबॉक्स मूळच्या ३.७३ क्राउन-पिनियनसह वापरला, तर गुणाकार १२.२ होतो आणि १,००० फेऱ्यांना वेग १० किलोमीटर राहतो. क्लच पूर्ण सोडून मोटार टेम्पोच्या मागे निवांत चढते. एकाच वेळी तळाचा गिअर अधिक जोरकस आणि वरचा गिअर अधिक निवांत करणे, हे क्राउन-पिनियन बदलून साधत नाही. पाचव्या गिअरचे खरे मोल येथे आहे.

उलट, क्राउन-पिनियन मुळातच ४.११सारखे असेल, तर ३.२७चा पहिला गिअर फारच तोकडा पडतो. मोटार हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागतो. अशा मोटारीस २.८७चा पहिला गिअर असलेली आवृत्ती योग्य ठरते.

उपलब्ध पर्याय

टी-५ : मुळात बोर्ग-वॉर्नरचा आणि पुढे मेक्सिकोत उगम पावलेल्या ट्रेमेक कंपनीकडे गेलेला हा पाच गिअरचा गिअरबॉक्स १९८०च्या दशकातील मस्टँगमुळे लोकप्रिय झाला. तो वजनाला हलका आहे आणि गिअर मऊ पडतात. मस्टँगच्या सुधारित आवृत्तीत पहिला गिअर ३.३५ आणि पाचवा ०.६८ असतो. त्याची टॉर्क सहन करण्याची मर्यादा सुमारे ३०० पाउंड-फूट आहे. कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथमधील सहा सिलिंडरच्या इंजिनांना आणि लहान व्ही-८ इंजिनांना तो पुरतो.

टीकेएक्स : ट्रेमेकने २०२०मध्ये आणलेला हा पाच गिअरचा गिअरबॉक्स जुन्या मोटारींच्या अरुंद बोगद्यात, म्हणजे पुढच्या दोन आसनांमधील उंचवट्याखाली मावेल अशा बेताने आखलेला आहे. मर्यादा ६०० पाउंड-फूट. पहिला गिअर ३.२७ किंवा २.८७, आणि पाचव्या गिअरसाठी ०.६८, ०.७२, ०.८१ अशी प्रमाणे वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतात.

टी-५६ आणि त्याचे वारस : १९९२च्या डॉज व्हायपरबरोबर आलेला सहा गिअरचा भक्कम गिअरबॉक्स. पाचवा व सहावा असे दोन ओव्हरड्राइव्ह गिअर त्यात असतात. आकाराने तो मोठा असल्याने अनेक जुन्या मोटारींत बोगदा कापल्याशिवाय बसत नाही.

गिअर व्हेंडर्स : लेकॉकच्या कल्पनेतून पुढे आलेले हे स्वतंत्र यंत्र मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोडले जाते. प्रमाण ०.७८. नमुन्याच्या मोटारीत १०० किलोमीटरला सुमारे २,३४० फेरे होतील. मूळ गिअरबॉक्स जागेवर राहतो, हा याचा मोठा गुण. परंतु पहिल्या गिअरमध्ये काहीच सुधारणा होत नाही आणि प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो.

जुना बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्ह : १९५०च्या दशकातील मोटारींसाठी हा सर्वांत अस्सल पर्याय होय. मात्र त्यात एक धोका दडलेला आहे. ओव्हरड्राइव्हची दांडी चालू स्थितीत असताना ठराविक वेगाच्या खाली सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे चाके मोकळी फिरतात आणि इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. टेकडी उतरताना ती दांडी बंद करण्यास चालक विसरला, तर सारा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो.

टॉर्कचे आकडे वाचताना

इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्सच्या मर्यादेपेक्षा बराच कमी असावा, हा साधा नियम आहे. फोर्डच्या २८९ घनइंच इंजिनाच्या सौम्य आवृत्तीचा टॉर्क २८२ पाउंड-फूट आहे. टी-५ येथे काठावर चालतो. शेव्हरोलेच्या ३५० घनइंच, ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क ३८० पाउंड-फूट असल्याने तेथे टीकेएक्सचाच विचार करावा. १९७२पूर्वीचे अमेरिकी आकडे अनेक जोडयंत्रे काढून इंजिन स्वतंत्रपणे चालवून मोजलेले, म्हणून फुगीर असत, हेही लक्षात घ्यावे. तरीही कमी मर्यादेचा गिअरबॉक्स घेऊन त्या फुगवट्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. रुंद, पकड असलेले टायर आणि क्लच झटकन सोडण्याची सवय यांमुळे दातांवर क्षणभर येणारा भार कितीतरी वाढतो.

बसवणीतील बारकावे

गिअरबॉक्सची किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. बेल हाउसिंग, क्लच प्लेट, गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी, प्रॉपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरची जोडणी या सर्वांचा एकत्रित अंदाज आधी घ्यावा. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवर किती खाचा आहेत ते मोजून त्यांना जुळणारीच क्लच प्लेट मागवावी. गिअरचा दांडा जुन्याच छिद्रातून वर येतो का, की सलग आसनाला अडतो, हेही आधी पाहावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते बेल हाउसिंगच्या मध्यबिंदूकडे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि बेल हाउसिंगच्या छिद्राचा मध्य एकाच रेषेत हवा. डायल गेज लावून फिरवल्यास काट्यात दिसणारा फरक साधारण ०.००५ इंच, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा. अधिक असल्यास मध्य सरकवणाऱ्या विशेष पिना वापरून तो दुरुस्त करता येतो. ही तपासणी टाळल्यास गिअर अडखळतात, बेअरिंग लवकर जाते आणि दोष मात्र नव्या गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी नवा गिअरबॉक्स जागेवर बसल्यानंतरच मोजावी. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन समान आणि परस्परविरुद्ध असावेत. अन्यथा नेमक्या महामार्गावरील वेगालाच मोटार थरथरू लागते, आणि जो निवांतपणा मिळवण्यासाठी खर्च केला तोच हरवतो. शाफ्ट कापल्यावर त्याचे बॅलन्सिंग करून घेणे अत्यावश्यक आहे.

तेलाबाबतही सावध असावे. ‘गिअरबॉक्स म्हणजे ९० नंबरचे तेल’ हा आपल्याकडील गॅरेजांतील जुना संस्कार आहे. सुधारित टी-५ व टीकेएक्स यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे पातळ तेल लागते. घट्ट तेल भरल्यास ते सिंक्रो रिंगांना नीट काम करू देत नाही. उलट मन्सीसारख्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचे घट्ट तेलच योग्य असते. जीएल-५ तेलातील रसायने पितळी सिंक्रो रिंगांना बाधक ठरू शकतात.

कायदा आणि मूळ रूप

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून नियोजित बदलाबाबत लेखी खुलासा घ्यावा. महाराष्ट्रात खासगी मोटारीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीच्या वेळी कागद हाताशी असलेला बरा.

केंद्र सरकारने २०२१मध्ये व्हिंटेज मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली मोटार ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत नोंदवता येते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेली मोटार यास पात्र ठरत नाही. या व्याख्येत गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. परंतु मस्टँगसारख्या मोटारीत स्वतंत्र चासी नसते. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा असतो. सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवण्यासाठी बोगदा कापणे म्हणजे बॉडी शेललाच हात लावणे होय. एका गिअरच्या मोहापायी मोटार व्हिंटेज दर्जाला मुकू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली मोटार नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. ज्याला सुटीच्या दिवशी नेमाने कोसबाडच्या वाडीवर जायचे आहे, त्याला साधी नोंदणीच कायम ठेवावी लागेल. म्हणून मोटार संग्रहासाठी आहे की प्रवासासाठी, याचा निर्णय गिअरबॉक्सच्या आधी व्हायला हवा.

निवडीचा क्रम

मोटार केवळ रॅलीसाठी असेल, तर मूळ गिअरबॉक्स उत्तम स्थितीत राखणे हाच योग्य मार्ग. प्रवासासाठी असेल, तर प्रथम क्राउन-पिनियनचे दात मोजून खरे प्रमाण निश्चित करावे. अनेक जुन्या मोटारींत ते पूर्वीच्या मालकांनी बदललेले असते. मग पहिल्या गिअरचा गुणाकार आणि ताशी ८० किलोमीटरचे फेरे हे दोन आकडे काढावेत. टॉर्कची मर्यादा पाहावी, आणि बोगदा न कापता जो गिअरबॉक्स बसेल त्याला प्राधान्य द्यावे. काढलेला जुना गिअरबॉक्स, त्याचा शाफ्ट आणि आडवी पट्टी तेल लावून, नावाची चिठ्ठी बांधून जपून ठेवावी. उद्या मोटार दुसऱ्या हाती गेली, तर नव्या मालकाला ती मूळ रूपात आणता आली पाहिजे.

बहुतेक मोटारींच्या बाबतीत हा हिशेब पाच गिअरपाशी येऊन थांबतो. महामार्गावर बोलणे ऐकू येईल इतकी शांतता आणि चढावर क्लच न जाळता चालण्याइतका जोर, या दोन्ही गोष्टी त्यातून मिळतात. त्यापलीकडच्या सहाव्या गिअरसाठी पत्रा कापण्याआधी तो गिअर घालायला रस्ता कुठे आहे, हे पाहून घ्यावे.